बासष्ट किलोच्या आया

नाव: एल्बिया नोएमी अरांबिदे. वय: एकोणसत्तर वर्षे पूर्ण. वैवाहिक स्थिती: विधवा. राहणार: मोन्तेविदेओ. शिक्षण: संख्याशास्त्र. पूर्वीचा हुद्दा: सांख्यिकी खात्याच्या नमुना-निवड विभागात उपप्रमुख, सेवा एकतीस वर्षे. सध्याचा हुद्दा: मानद तांत्रिक सहयोगी. सदर व्यक्ती आपले व्यावसायिक कौशल्य समाजोपयोगी संस्थांना स्वेच्छेने व विनामूल्य उपलब्ध करून देत असून, तिला मानधन, प्रवासखर्च अथवा भोजन देय नाही. नेमून दिलेल्या केंद्रातील लाभार्थ्यांच्या स्थितीत झालेल्या बदलाचे परिमाणात्मक मूल्यमापन करून सदर व्यक्तीने विहित मुदतीत अहवाल सादर करावयाचा आहे.

हे वर्णन जेवणघरांना शिधा पुरवणाऱ्या एका प्रतिष्ठानाच्या कार्यालयात तयार झालेलं. एल्बियाने ते दोनदा वाचलं, 'भोजन देय नाही'पाशी जरा थांबली आणि सही केली. एकतीस वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला असल्या भाषेचा त्रास होत नाही, उलट माहेरी आल्यासारखं वाटतं. त्रास पुढे होतो, माणसं बोलायला लागली की.

ती निवृत्त झाली तेव्हा संख्याशास्त्रज्ञांच्या मंडळाने तिचं नाव एका यादीत घातलं होतं. ज्या धर्मादाय संस्थांना आकडे लागतात पण आकडेवाला परवडत नाही, त्यांनी या यादीतून एक माणूस फुकट उचलावा, अशी योजना. कल्पना उत्तम होती. चार वर्षांत एल्बियाने चार संस्था पाहिल्या. भटक्या कुत्र्यांच्या आश्रयघराला कुत्री आनंदी आहेत असं सिद्ध करून हवं होतं. एका वाचनालयाने वाचक म्हणून दारातून आत आलेली डोकी मोजली होती, आणि त्या गल्लीतलं एकमेव चालू स्वच्छतागृह वाचनालयात होतं. म्हाताऱ्यांना सोबत करणाऱ्या मंडळाने 'तुम्हाला आता कमी एकटं वाटतं का?' हा प्रश्न सोबतीला आलेल्या बाईच्या तोंडूनच विचारला होता. उत्तर शंभर टक्के हो. चौथ्या संस्थेविषयी एल्बिया बोलत नाही. प्रत्येकाला एक आकडा हवा असायचा आणि तो कोणता हे त्यांचं आधीच ठरलेलं असायचं. एल्बिया भलताच आकडा घेऊन यायची. मग तिला केक खायला घालून निरोप दिला जायचा.

पाचवी संस्था 'लोस तेरोस'. लास तूनास वस्तीतलं लहान मुलांचं जेवणघर. वस्तीला लागून असलेला मासळीचा कारखाना फेब्रुवारीत बंद पडला, तिथे मासे साफ करणाऱ्या बायका घरी बसल्या, आणि मार्चमध्ये त्यांच्यातल्याच योलांदा तेचेराने आपल्या गॅरेजमध्ये चूल मांडली. एक ते पाच वर्षांची सव्वीस मुलं, सोमवार ते शनिवार, दुपारी एक थाळी. शेवया, मसूर आणि भोपळा एका भांड्यात रटरट शिजवलेला, वर मिळालं तर मांस. शिधा प्रतिष्ठानाचा. अट एकच: मुलांची वजनं मार्चमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा करायची आणि कळवायची.

ऑगस्टची वजनं कळवली गेली, आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी एल्बियाला प्रतिष्ठानाच्या समन्वयकाचा, फाकुंदो अरोसेनाचा, फोन आला. अरोसेना बत्तीस वर्षांचा होता, तिला आदराने 'दोन्या' म्हणायचा आणि प्रत्येक वाक्य जणू भिंतीवर पडदा लावून दाखवल्यासारखं बोलायचा.

“दोन्या एल्बिया, विषय जरा नाजूक आहे. लोस तेरोसचा परिणाम उणे आलाय.”

“म्हणजे?”

“पाच महिने जेवण घातलं आणि मुलांचं वजन घटलं. सरासरी एक किलो सातशे ग्रॅम. बाकी सगळ्या केंद्रांवर वाढलंय.”

“तुम्ही मुलं पाहिलीत?”

“आलेख पाहिला.”

“मुलं, अरोसेना. मुलं.”

“आमच्याकडे आकडेवारी येते, दोन्या एल्बिया. मुलं केंद्रावर असतात.”

शुक्रवारी विश्वस्तांची बैठक होती. त्याआधी, दुपारी बाराच्या आत, एल्बियाचा अहवाल हवा होता. आकडा खरा ठरला तर एक ऑक्टोबरपासून लोस तेरोसचा शिधा बंद, आणि तो जिथे परिणाम दिसतो अशा वस्तीत जाणार.

“मुलांना जेवण घातल्यामुळे त्यांचं वजन कमी होतं,” एल्बिया म्हणाली, “असं विश्वस्तांना खरंच वाटतं?”

“विश्वस्तांचा आकड्यांवर विश्वास आहे.”

“माझाही होता,” असं म्हणून तिने फोन ठेवला आणि कोट चढवला.

*

लास तूनासला पोचायला दोन बस लागतात. दुसऱ्या बसमधून उतरल्यावर पुढे चिखल. एल्बिया पोचली तेव्हा जेवणं चालू होती. दोन लांब टेबलं, सव्वीस मुलं, सव्वीस चमचे आणि इतका कल्ला की अर्धपोट मुलांना तेवढा करण्याची ताकद नसते, हे तिच्या लगेच लक्षात आलं. आया भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, ऑगस्टच्या हिवाळी थंडीने हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतलेल्या.

योलांदा चुलीपाशी होती. वय छप्पन्न, दंड पैलवानाचे, आवाज कारखान्यात यंत्रांवरून ओरडून कमावलेला.

“या, या, हिशेबनीस बाई.”

“मी हिशेबनीस नाही. संख्याशास्त्रज्ञ आहे.”

“तेच ते. माझ्या नवऱ्याच्या पेन्शनचा एक कागद अडलाय, नंतर बघाल ना?”

“ते माझं काम नाही, योलांदा.”

“नुसता बघायचाय.”

तिने तो बघितला. चार वर्षांत तिने असे एकोणीस कागद बघितले होते. तो आकडा मात्र कुठल्या संस्थेला कधी लागला नाही. मग तिने वजनांची वही मागितली.

वही शाळकरी होती, तिला कांद्याचा वास येत होता, आणि मधली दोन पानं मसुराने एकमेकांना चिकटली होती. एल्बियाने ती सुरीने सोडवली आणि वाचायला घेतली. पहिल्या पानावर बाउतिस्ता नावाचा मुलगा होता. वय दोन वर्षं. वजन चौतीस किलो. तिने चष्मा पुसला. चौतीसच. दुसऱ्या पानावर आब्रिल माचीन. वय तीन. मार्चमध्ये सात किलो, ऑगस्टमध्ये चार.

“ही आब्रिल कोण?”

योलांदाने पळीनेच टेबलाखाली दाखवलं. तिथे दोन वेण्या घातलेली एक मुलगी आपल्याहून मोठ्या मुलाचा बूट ओढून काढत होती आणि जिंकत होती.

“ही चार किलोची?”

“वहीत तसं आहे.”

“अगं, चार किलोचं नुकतं जन्मलेलं बाळ असतं. नाहीतर कोंबडी.”

“ते मला काय माहीत? मी वजाबाकी केली. वजाबाकी तपासा, चुकली असेल तर बोला.”

एल्बियाने तपासली. वजाबाकी बरोबर होती. योलांदाची प्रत्येक वजाबाकी बरोबर होती, आणि याचाच एल्बियाला जास्त संताप आला. चुकीचं काम अचूक करणाऱ्या माणसाला काही समजावता येत नाही, हा तिचा खात्यातला जुना अनुभव.

“कशातून काय वजा केलंस?”

“मोठी पोरं एकटी उभी राहतात काट्यावर. ती नऊ. धाकटी सतरा बोंबलतात. मग आई उचलून घेते, दोघांचं मिळून वजन करायचं, त्यातून आईचं वजा. दवाखान्यातल्या परिचारिकेनंच शिकवलंय.”

“बरोबर शिकवलंय. आणि आईचं वजन कधी केलं?”

“मार्चमध्ये विचारलं ना सगळ्यांना.”

“विचारलं?”

“हो.”

“मोजलं नाही?”

योलांदाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू एल्बियाने तिला भर चौकात कपडे उतरवायला सांगितलं होतं.

“हा काटा बघताय ना, कुठे आहे तो?” ती म्हणाली.

काटा गॅरेजच्या दारात होता. बंद पडलेल्या पशुखाद्याच्या दुकानातून आणलेला, चबुतऱ्याचा, सरकत्या वजनाचा, शंभर ग्रॅमपर्यंत अचूक. एल्बियाने त्यावर आपली पिशवी, मग मसुराचं न फोडलेलं पोतं ठेवून पाहिलं. काटा चोख होता.

“मी इथे उभी राहून वजन सोडतीतल्या आकड्यासारखं मोठ्यानं पुकारते आणि जाऊबाई आत वहीत लिहितात. रस्त्यावर गॅसवाला उभा, पाववाला उभा. कुठली बाई एकटी चढेल? मूल घेऊन चढली की बरं असतं, आकडा दोघांच्या नावावर जातो. एकटीचं वजन तोंडी विचारलं. पहिली म्हणाली बासष्ट. दुसरी म्हणाली, माझंही बासष्टच लिही. ज्या जरा बारीक होत्या त्या अठ्ठावन म्हणाल्या.”

एल्बियाने रकाना मोजला. अकरा आया बासष्ट किलोच्या. सहा आया अठ्ठावन किलोच्या. वस्तीत बायकांची दोनच मापं होती, हातमोज्यांसारखी.

“आणि हे तुम्ही प्रतिष्ठानाला पाठवलं.”

“त्यांनी घेतलं की. चौतीस किलोच्या पोराचंही घेतलं. तुम्हालाच काय ते सगळं खटकतं.”

*

परतीच्या बसमध्ये एल्बियाला पहिली वीस मिनिटं फार समाधान वाटलं. चूक सापडली होती. आयांची वजनं खोटी, म्हणून मुलांची खोटी. अर्ध्या पानाचा अहवाल, शिधा चालू, प्रश्न संपला. एकविसाव्या मिनिटाला तिच्यातली उपप्रमुख जागी झाली.

बासष्ट हा आकडा खोटा, हे खरं. पण मार्चमध्ये बासष्ट वजा केले आणि ऑगस्टमध्येही बासष्टच वजा केले. दोन्ही वेळा तीच चूक वजा केली तर फरकात चूक उरत नाही. बाउतिस्ता चौतीस किलोचा असेल नाहीतर बाराचा, त्याची घट खरीच असायला हवी. अरोसेनाने हाच मुद्दा मांडला असता, आणि तो बरोबर ठरला असता. अरोसेना बरोबर ठरण्याच्या कल्पनेने तिचा पुढचा प्रवास खराब झाला.

मंगळवारी सकाळी तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर माते हा कडवट पाल्याचा चहा भरून घेतला आणि वहीतून उतरवून आणलेल्या आकड्यांचे दोन भाग केले. एकट्या उभ्या राहिलेल्या नऊ मुलांचं वजन सरासरी नऊशे ग्रॅमनी वाढलं होतं. जसं वाढायला हवं तसंच. आईच्या कडेवरून मोजलेल्या सतरा मुलांचं वजन सरासरी तीन किलो शंभर ग्रॅमनी घटलं होतं.

एकच भांडं, एकच पळी. नऊ मुलं वाढतात आणि सतरा विरघळतात? तीन किलो गमावलेलं तीन वर्षांचं मूल टेबलाखाली बूट ओढत नाही, रुग्णालयात असतं. पण काटा चोख होता आणि वजाबाकी बरोबर होती. म्हणजे तीन-चार किलो कुणीतरी गमावले होते एवढं नक्की. आणि सतरा मुलांच्या वेळी काट्यावर दोघंदोघं होती.

मातेतलं पाणी निवून गेलं. एल्बियाने खात्यात असताना साठ हजार घरांची पाहणी आखली होती, तिच्या पद्धतीवर परदेशात व्याख्यानं दिली होती. हे तर तिसरीतल्या पोराच्या वजाबाकीत बसत होतं, आणि तिला चोवीस तास लागले होते. तिने स्वतःला मोठ्याने एक शिवी दिली. मग जुनी चादर आणि दोरी पिशवीत भरली.

*

बुधवारी तिघी बायकांनी काटा ओढत मागच्या कोठीच्या खोलीत नेला. एल्बियाने दारावर चादर बांधली आणि योलांदाला बाहेर उभं केलं.

“पुकारायचं नाही.”

“बरं.”

“कुजबुजायचंही नाही.”

“माझी कुजबुज तुम्ही ऐकलेली नाही, हिशेबनीस बाई.”

“म्हणूनच.”

सगळ्या आयांना मुलांची दवाखान्यातली कार्डं आणायला सांगितली होती. मार्चमध्ये दवाखान्याने लसीकरणाच्या वेळी मुलांना कपडे काढून मोजलं होतं, नीट, एकेकटं. मार्चचं आई-मूल मिळून वजन वहीत होतंच. त्यातून कार्डावरचं मुलाचं वजन काढलं की उरेल ती मार्चमधली आई. सतरातल्या चौदाजणींनी कार्डं आणली. दोन हरवली होती, एक कुत्र्याने खाल्लं होतं. चादरीबाहेर रांगेत हशा चालला होता.

“आत काय विचारतात गं?”

“किती वेळा जेवतेस ते.”

“मग?”

“तीन वेळा म्हणाले. कमी सांगितलं तर आळशी म्हणतील, जास्त सांगितलं तर शिधा बंद करतील.”

सतराच्या सतराजणींनी तीन वेळा सांगितलं. एल्बियाने निमूटपणे तीन-तीन लिहिलं. खात्यात असती तर तिने हा प्रश्नच रद्द केला असता.

बाउतिस्ताची आई चढली तेव्हा काट्याची फळी कुरकुरली. “एकोणऐंशी,” एल्बिया हळूच म्हणाली.

“एवढंच? आणि मी बासष्ट सांगितलं होतं, देव मला माफ करो. योलांदाच्या जेवणघरानं बारीक केलं म्हणायचं मला.”

“मार्चमध्ये चौऱ्याऐंशी होता तुम्ही.”

“मग चांगलंच झालं की,” ती म्हणाली. पण हसण्याची सुरुवात करून तिने ते मध्येच सोडून दिलं.

चौदातली एक वजनाने वाढली होती. ती पाच महिन्यांची गरोदर होती. हे तिने अजून घरी सांगितलं नव्हतं, आणि कृपा करून हे बाहेर वाचू नका असं ती एल्बियाला म्हणाली. मानद तांत्रिक सहयोगी म्हणून ही बातमी सर्वांत आधी आपल्याला कळावी याचं एल्बियाला आश्चर्य वाटलं.

शेवटची लेतिसिया माचीन, आब्रिलची आई. सव्वीस वर्षांची. तिने बूट काढले, कोट काढला, आणि काट्यावर अशी उभी राहिली की जणू फळी तुटेल. सत्तेचाळीस किलो नऊशे ग्रॅम. आब्रिल चौदा किलो शंभर. कार्डावर मार्चची आब्रिल तेरा किलो दोनशे.

“मार्चमध्ये तुम्ही एक्कावन्न किलो आठशे होता,” एल्बिया म्हणाली.

“अठ्ठावन.”

“एक्कावन्न आठशे, लेतिसिया.”

लेतिसियाने बूट घालायला घेतले. नाडी बांधायला तिला फार वेळ लागला.

“आब्रिलची वाढ बरोबर आहे?” तिने खाली बघतच विचारलं.

“नऊशे ग्रॅम. अगदी बरोबर.”

“मग झालं तर.”

*

गुरुवारी सकाळी एल्बियाने योलांदाला आकडे सांगितले. पडताळता आलेली मुलं सगळी वाढली होती, कार्डवाली चौदाही, एकटी उभी राहणारी नऊही, सरासरी किलोच्या आसपास. आयांमध्ये वजन वाढलेली एक सोडून बाकी तेराजणींची घट सरासरी साडेचार किलो. पाच महिन्यांत.

योलांदाने कांदा चिरणं थांबवलं.

“खोटं आहे.”

“काटा चोख आहे. या आख्ख्या प्रकरणात खोटं न बोललेला तेवढा एक काटाच आहे.”

“मी रोज विचारते त्यांना. भांड्यात खरवड उरली की विचारते, घे गं दोन घास. म्हणतात, घरी जेवून आले. रोज. सगळ्याजणी.” ती भिंतीकडे वळली. भिंतीवर पाठी टेकून टेकून रंग उडालेला एक पट्टा पडला होता. “मीही कारखान्यातलीच आहे ना. मला कळायला नको?”

“मलाही सोमवारी दिसल्या होत्या त्या. मी मुलांचा आवाज मोजत बसले.”

“अहवालात काय लिहिणार?”

“हेच.”

“हे लिहू नका.” योलांदाचा आवाज एरवीच्या मानाने कुजबुजीत होता, म्हणजे शेजारच्या दोन घरांना ऐकू गेला असेल. “काटा बिघडला होता म्हणा. मुलं चांगली आहेत, काटा बिघडला होता. कुणाचं काय जातंय?”

“काटा बिघडला असेल तर मार्चची वजनंही बाद, ऑगस्टचीही बाद, आणि मुलं वाढली हेही मला सिद्ध करता येत नाही. योलांदा, तुम्ही लोक मला चुकीची वही देता, मग बरोबर उत्तर मागता, आणि उत्तर सापडलं की म्हणता दुसरं द्या. चार वर्षं मी हेच बघतेय. आयांची घट लिहिली तरच मुलांची वाढ उरते. एक वगळून दुसरं ठेवता येत नाही.”

“पण लेतिसियाला विचारा आधी.”

लेतिसिया आब्रिलला घेऊन दारातच उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

“दोन्या एल्बिया,” ती म्हणाली, “पलीकडच्या गल्लीत एका बाईकडे बालकल्याणवाले आले होते. स्वतःला खायला नाही म्हणालात, मग मुलाला काय घालणार, असं विचारलं त्यांनी. सहा आठवडे पोरगं दुसरीकडे ठेवलं. तुम्ही कागदावर लिहिलंत की मी उपाशी असते, तर तो कागद कुणाच्या हातात जाईल हे तुम्हाला माहीत आहे?”

एल्बियाला माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत तिच्या कागदांचं पुढे काय होतं हे तिला कधी कळलं नव्हतं.

“तुमचं नाव कुठेही नसेल,” ती म्हणाली.

“सतराजणी आहोत. वस्तीत सगळे ओळखतात.”

“वस्ती ओळखू दे. कागद ओळखणार नाही. मी 'तेरा प्रौढ व्यक्ती' लिहीन. वस्तीचं नाव नाही, वय नाही, कुणाची कोण ते नाही. केंद्राचा फक्त क्रमांक. वही मी घरी नेते, ती प्रतिष्ठानाला मिळणार नाही. ते मागतील. मी देणार नाही.”

“देणार नाही म्हणजे? त्यांनी जोर केला तर?”

“ती मसुराने चिकटलीय म्हणेन. ते खरंच आहे.”

लेतिसिया हसली नाही. तिने आब्रिलच्या टोपीच्या नाड्या बांधल्या, उगाच घट्ट.

“आणि हे लिहिलं नाही तर आब्रिलचं जेवण बंद.”

“हो.”

“मग मला कशाला विचारता?” ती म्हणाली. “लिहा.”

*

अहवाल शुक्रवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गेला. दीड पान, एक तक्ता. शेवटच्या परिच्छेदात एल्बियाने आयुष्यात पहिल्यांदा शिफारस केली. नमुना-निवड विभागात शिफारशी करत नसत. 'मुलांना घेऊन येणाऱ्या प्रौढांनाही त्याच वेळी, त्याच टेबलावर, एक थाळी देण्यात यावी. सतरा थाळ्या.' हे वाक्य तिने तीनदा काढलं आणि तीनदा परत घातलं.

पुढच्या बुधवारी अरोसेनाचा फोन आला, आनंदाने ओसंडून वाहणारा.

“दोन्या एल्बिया, विश्वस्त एकदम खूश आहेत. लोस तेरोसचा परिणाम अधिक झाला. शिधा वर्षभर चालू. तुमची पद्धत इतर केंद्रांना पाठवतोय, चादरीसकट.”

“आणि आया?”

“त्या आमच्या लक्ष्यगटात बसत नाहीत.”

“बसत नाहीत हे मला दिसतंय. त्या उभ्या असतात.”

“तसं नाही. आमचा कार्यक्रम एक ते पाच वर्षांचा आहे. प्रौढ वेगळ्या कार्यक्रमात येतात.”

“कुठल्या?”

“तो अजून सुरू व्हायचाय.”

“अरोसेना, मुलांची वाढ मी तुम्हाला आयांच्या घटीतून काढून दिली. अर्धी वजाबाकी घेऊन उरलेली अर्धी तुम्ही परत कशी करता?”

“परत नाही करत. नोंद घेतलीय,” तो म्हणाला, आणि आवाजावरून त्याला खरंच वाईट वाटलं असावं. “लेखी उत्तर येईल.”

लेखी उत्तर आठवड्याने आलं. एल्बियाने ते योलांदाच्या गॅरेजमध्ये उभ्या उभ्या वाचलं. योलांदाने तोवर भांड्यात पाणी आणि शेवया वाढवल्या होत्या आणि भिंतीपाशी एक बाक ठेवला होता. पाच-सहाजणी त्यावर बसायला लागल्या होत्या, मांडीवर थाळी घेऊन, पाहुण्यांसारख्या अवघडून. बाउतिस्ताची आई दोनदा वाढून घ्यायची आणि चव नाही म्हणायची. बाकीच्या अजून उभ्याच होत्या, घरी जेवून आलेल्या.

“काय म्हणतात?” योलांदाने विचारलं.

“तुझं अभिनंदन केलंय.”

“आणि?”

एल्बियाने कागद तिच्यापुढे धरला. 'आपल्या अहवालातील लाभार्थ्यांविषयीचे निष्कर्ष समाधानकारक असल्याचे कळविण्यास आनंद होतो. सोबतच्या प्रौढ व्यक्तींच्या शारीरिक वजनातील बदल हा कार्यक्रमाच्या निर्देशकांमध्ये समाविष्ट नसल्याने त्याबाबत कोणतीही कार्यवाही अपेक्षित नाही. यापुढील तपासण्यांमध्ये सोबतच्या प्रौढांचे प्रत्यक्ष वजन घेऊन ते मुलांच्या वजनातून अचूकपणे वगळण्यात यावे.'

अचूकपणे वगळायचं तर आधी मोजायला हवं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी एल्बियाने कोठीच्या खोलीत चादर बांधली आणि आयांना एकेक करून आत बोलावलं.

लेतिसिया माचीनचं वजन सेहेचाळीस किलो चारशे ग्रॅम भरलं.